लोणारला जे पडलं, ते आधीच कुठेतरी फुटलेलं होतं

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळत्या ठिणग्यांची एक लांबलचक रांग सरकत गेली आणि पुढच्या अर्ध्या तासात नागपूरच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे व्हिडिओ आले. कुणी धूमकेतू म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र म्हणालं, पण बहुतेकांचं मत एकच होतं: उल्का पडली. मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातून बातमी आली. लाडबोरी गावात धातूचं एक मोठं कडं पडलं होतं, आणि आसपास धातूचे गोळेही सापडले. ती उल्का नव्हती. आपलं काम संपवून पृथ्वीभोवती फिरत राहिलेल्या एका रॉकेटचा तो सांगाडा होता. अभ्यासकांनी तो चिनी रॉकेटचा असल्याचं सांगितलं.

म्हणजे आकाशातून काही पडलं की आपल्याला आधी उल्का आठवते. पण याच विदर्भात, नागपूरहून समृद्धी महामार्गानं निघालं तर साधारण चार तासांवर एक जागा आहे, जिथे अगदी उलटं घडलं. तिथे खरोखर आकाशातून एक प्रचंड दगड पडला होता, त्याची खूण जवळपास दोन किलोमीटर रुंद होती, आणि तरीही दीडशे वर्षं शिकलेसवरलेले लोक म्हणत राहिले की हे जमिनीतूनच आलं असणार.

ती जागा म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लोणार शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. गोल, खोल, तळाशी हिरवट पाणी, काठावर कमळजादेवीचं देऊळ, वर गावात दैत्यसूदनाचं. खड्ड्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. पाणी इतकं क्षारयुक्त की त्याचा पीएच दहाच्या घरात जातो. ‘आईन-ए-अकबरी’त मेहकर सरकारच्या वर्णनात लोणारची नोंद आहे, ती या क्षारांसाठी आणि क्षेत्राच्या पावित्र्यासाठी. गावातली कथा अशी की लवणासुर, म्हणजेच लोणासुर, जमिनीखाली राहायचा. विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याच्या बिळावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. या झाकणाकडे आपण पुन्हा येऊ.

इंग्रजांच्या काळात लोणारचं वर्णन पहिल्यांदा केलं ते अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्यानं, १८२३ मध्ये. त्यानंतर जे जे भूवैज्ञानिक तिथे गेले, त्यांना त्यात ज्वालामुखी दिसला. याबद्दल त्यांना हसण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात उभं राहून ज्वालामुखी न दिसणं कठीण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास इथे लाव्ह्याचे थरांवर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. त्या पठाराची पूर्वेकडची कड आमच्या नागपूरपर्यंत येते. सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या बेसाल्टची आहे. ज्यांच्या नावानं नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे, ते पाद्री स्टीफन हिस्लॉप १८५०च्या दशकात शहराजवळच्या टाकळीत दोन लाव्हाथरांमधल्या गाळातून जीवाश्म वेचत होते. सगळ्या खडकाची जन्मकथा जिथे लाव्हा हीच आहे, तिथला खड्डाही लाव्ह्यानंच केला असणार, हा विचार साधा आणि सरळ होता.

पण गोष्ट नुसती भारतापुरती नव्हती. अमेरिकेतल्या ॲरिझोनात असाच एक गोल खड्डा आहे. १८९१ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा त्या काळातला मोठा भूवैज्ञानिक तो तपासायला गेला. खड्ड्याच्या आजूबाजूला लोखंडी उल्कापाषाण विखुरलेले होते, त्यामुळे उल्केची शक्यता त्यानं गांभीर्यानं घेतली. त्यानं हिशेब मांडला: मोठा लोखंडी गोळा पडला असेल तर तो खाली गाडलेला असणार, होकायंत्राची सुई हलणार, आणि कडेला पडलेला मलबा खड्ड्यात मावणार नाही इतका जास्त भरणार. सुई हलली नाही. मलबा खड्ड्यात नीट मावत होता. मग त्यानं निष्कर्ष काढला की हा वाफेचा स्फोट. १८९६च्या त्याच्या लेखात अशाच दुसऱ्या खड्ड्याचं उदाहरण म्हणून कुणाचं नाव येतं? आपल्या लोणारचं. दोन्ही खड्डे एकसारखे आहेत हे त्यानं बरोबर ओळखलं. दोन्ही कशामुळे झाले, ते चुकलं.

गिल्बर्टचं गृहीतक असं होतं की पडलेली वस्तू उरते. मातीत दगड फेकला तर तो खड्ड्यात सापडतो, तसं. सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगानं येणाऱ्या दगडाचं तसं होत नाही. त्या वेगाला धडक म्हणजे स्फोटच असतो. येणारा दगड क्षणार्धात बहुतांश वितळतो, वाफ होतो, आणि त्याच्या आकाराच्या वीसेक पट रुंद खड्डा मागे राहतो. या हिशेबानं लोणारला पडलेला दगड शंभर मीटरच्या आसपासचा असावा. फुटबॉलच्या मैदानाएवढ्या दगडानं आख्खं गाव मावेल असा खड्डा केला आणि स्वतः जवळजवळ नाहीसा झाला.

भारतात १९१२ मध्ये ला टूश आणि क्रिस्टी यांनी लोणारचा भूवैज्ञानिक अभ्यास प्रसिद्ध केला, तोही जमिनीखालच्या शक्तींकडेच बोट दाखवणारा. चित्र बदललं १९६० नंतर. ॲरिझोनाच्या खड्ड्यात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं. क्वार्ट्झवर अफाट दाब आला तरच ते बनतं, आणि इतका दाब जमिनीच्या पृष्ठभागावर कुठलाही ज्वालामुखी देऊ शकत नाही. १९६४ मध्ये लाफॉन्ड आणि डीट्झ यांनी लोणारबद्दल तोच प्रश्न जाहीरपणे विचारला. पण लोणारच्या बेसाल्टमध्ये ॲरिझोनासारखा क्वार्ट्झ नाही. पुरावा दुसऱ्या खनिजात शोधावा लागणार होता.

त्यासाठी तळ्याच्या तळाला बोअर मारले गेले. वरती जवळपास शंभर मीटर गाळ, आणि त्याखाली चुराडा झालेला बेसाल्ट. त्या बेसाल्टमधले फेल्डस्पारचे स्फटिक काचेत बदललेले होते, पण वितळून नव्हे. स्फटिकाचा बाहेरचा आकार तसाच, आतली रचना मात्र मोडलेली. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात, आणि ती बनायला वातावरणाच्या काही लाख पट दाब क्षणभर यावा लागतो. स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेड्रिक्सन, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दुबे आणि बालसुंदरम, आणि अमेरिकन भूवैज्ञानिक मिल्टन यांनी १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे मांडलं. अलेक्झांडरपासून मोजलं तर बरोबर दीडशे वर्षांनी लोणारला त्याचं खरं कारण मिळालं.

बहुतेक लेख इथे संपतात. पडलं, सिद्ध झालं, छान. मला मात्र पुढचा प्रश्न जास्त खुणावतो. जे पडलं, ते होतं काय? आणि शंभर मीटरचा दगड अंतराळात येतो तरी कुठून?

त्याचं उत्तर शोधायला लोणार सोडून मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात जावं लागतं. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतल्या पियाझ्झीनं सीरीस शोधला. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या ओल्बर्सला पॅलस सापडला. एका ग्रहाच्या जागी दोन वस्तू, आणि त्याही बारक्या! ओल्बर्सनं कल्पना मांडली की इथे एक ग्रह होता आणि तो फुटला. ही कल्पना फार लोकप्रिय झाली, अजूनही यूट्यूबवर भेटते. पण ती टिकली नाही. पट्ट्यातलं सगळं वस्तुमान एकत्र केलं तरी आपल्या चंद्राच्या तीन-चार टक्केच भरतं. शिवाय त्या दगडांची रसायनं इतकी वेगवेगळी आहेत की ते एका घरातले असूच शकत नाहीत. गुरूच्या गुरुत्वाकर्षणानं तिथे ग्रह बनूच दिला नाही.

ओल्बर्सचा फुटलेला ग्रह खोटा निघाला, पण फुटणं खरं होतं. १९१८ मध्ये जपानी खगोलशास्त्रज्ञ कियोत्सुगु हिरायामा यांनी लघुग्रहांच्या कक्षांची आकडेमोड केली, आणि त्यांना दिसलं की काही लघुग्रहांच्या कक्षा योगायोग म्हणता येणार नाही इतक्या एकमेकींसारख्या आहेत. त्यांनी या गटांना ‘कुटुंबं’ म्हटलं. कोरोनिस, इओस, थेमिस ही त्यांनी ओळखलेली पहिली कुटुंबं. प्रत्येक कुटुंब म्हणजे एका जुन्या टकरीत फुटलेल्या मोठ्या दगडाचे तुकडे. आज अशी शंभराहून जास्त कुटुंबं माहीत आहेत.

मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट २००२ची आहे. डेव्हिड नेस्वोर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारिन नावाच्या लघुग्रहाभोवतीचा छोटा गट घेतला आणि त्यांच्या कक्षा संगणकावर उलट्या दिशेनं चालवल्या. आजपासून मागे, मागे, आणखी मागे. ५८ लाख वर्षांपूर्वी त्या सगळ्यांच्या कक्षांच्या दिशा एकमेकींवर येऊन जुळल्या. म्हणजे त्या वेळी ते सगळे एकच दगड होते. घटना पाहायला कुणी नव्हतं, खड्डा उरला नाही, तरी तारीख मिळाली. आमच्या धंद्यात सर्व्हर कोसळला की आम्ही लॉग उघडून मागे मागे जातो, तसंच हे. फक्त इथे लॉग म्हणजे दगडांची आजची जागा.

मग हे दगड सतत एकमेकांवर आपटत असतात का? सिनेमात यान लघुग्रहांच्या गर्दीतून नागमोडी वाट काढतं, तसं प्रत्यक्षात नाही. मोठ्या लघुग्रहांमध्ये लाखो किलोमीटरचं मोकळं अंतर असतं. पण वेळ प्रचंड आहे, साडेचार अब्ज वर्षं. आणि टक्कर होते तेव्हा सरासरी वेग सेकंदाला पाच किलोमीटरच्या आसपास असतो, बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट. मोठा दगड फुटला की शेकडो मध्यम आणि असंख्य बारके तुकडे होतात. ते तुकडे पुढच्या टकरीतल्या गोळ्या बनतात. १९६९ मध्ये डोनान्यी यांनी या साखळीचं गणित मांडलं: मोठे थोडे, लहान खूप, आणि दोघांमधलं प्रमाण ठरलेलं. खडीच्या क्रशरमधून गिट्टी, चुरी आणि भुकटी ठराविक प्रमाणात पडते, तसा हा पट्टा म्हणजे साडेचार अब्ज वर्षं चाललेला क्रशर आहे.

ही गोष्ट नुसती गणितातली नाही. डिसेंबर २०१० मध्ये शाइला नावाचा शंभर किलोमीटरहून मोठा लघुग्रह अचानक उजळला आणि त्याच्याभोवती धुळीचे पिसारे दिसले. सुमारे ३५ मीटरचा एक दगड त्याच्यावर आपटला होता. माणसानं जवळजवळ चालू असतानाच पकडलेली ही टक्कर.

आता या कथेतलं सर्वांत अनपेक्षित वळण. टकरी फोडतात, हे कळलं. पण टकरी जोडतातही. दगड लहान असेल, काही शे मीटरच्या आत, तर त्याला त्याचा टणकपणा वाचवतो. त्याहून मोठ्या दगडाला वाचवतं त्याचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण. टक्कर झाली, चुराडा झाला, पण तुकडे पुरेशा वेगानं लांब जाऊ शकले नाहीत, तर ते हळूहळू एकमेकांवर पडून पुन्हा ढीग होतो. बाहेरून एक लघुग्रह, आतून मलब्याचं गाठोडं.

१९९७ मध्ये निअर हे यान मॅथिल्ड या लघुग्रहाजवळून गेलं तेव्हा शास्त्रज्ञ चक्रावले. त्याच्यावर इतके मोठे खड्डे होते की प्रत्येक टकरीत तो फुटून जायला हवा होता. पण त्याची घनता पाण्यापेक्षा जेमतेम तिपटीच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. आत पोकळ्याच पोकळ्या. काचेच्या बाटलीवर गोळी झाडली तर ती फुटते, वाळूच्या पोत्यात झाडली तर जिरते. २००५ मध्ये जपानचं हायाबुसा इतोकावाला पोचलं, आणि तिथे तर सरळ दगडगोट्यांचा ढीगच दिसला. २० ऑक्टोबर २०२० रोजी ओसायरिस-रेक्स यानानं बेन्नूचा नमुना घ्यायला हात टेकवला, तर तो पृष्ठभागात अर्धा मीटर आत शिरला. चेंडूंनी भरलेल्या हौदात पाय टाकावा तसा.

त्यामुळे लघुग्रह म्हणजे सूर्यमालेच्या जन्मापासून जसाच्या तसा जपलेला दगड, हे अर्धंच खरं आहे. त्यातलं द्रव्य जुनं आहे. पण ज्या आकारात तो आज आहे, तो आकार टकरींनी दिलेला आहे. लहान लघुग्रह तर जवळपास सगळेच कुणाचे तरी तुकडे किंवा तुकड्यांचे ढीग.

मग यातला एखादा बुलढाण्यापर्यंत कसा येतो? धडकेचा जोर सहसा पुरत नाही. इथे यारकोव्स्की नावाचा एक इंजिनिअर येतो. रशियात नोकरी करून फावल्या वेळात विज्ञानाचे प्रश्न सोडवणारा हा माणूस. १९०० च्या सुमारास त्यानं एका छोट्या पुस्तिकेत लिहिलं की फिरणारा दगड दुपारी तापतो आणि संध्याकाळच्या बाजूनं जास्त उष्णता बाहेर टाकतो. त्या उष्णतेचा अगदी किंचित रेटा त्याला बसतो. पुस्तिका विस्मरणात गेली. एर्न्स्ट ओपिक या शास्त्रज्ञानं ती तरुणपणी वाचली होती, आणि पन्नासच्या दशकात त्यानं आठवणीतून तिचा उल्लेख केला म्हणून कल्पना वाचली. हा रेटा नगण्य, पण कोट्यवधी वर्षं सलग. तो लहान दगडांना सरकवत सरकवत पट्ट्यातल्या अशा जागी नेतो जिथे गुरूचे हिसके ठरावीक तालात बसतात. डॅनियल कर्कवुडनं एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की त्या जागा रिकाम्या आहेत. रिकाम्या, कारण तिथे गेलेला दगड टिकत नाही. त्याची कक्षा लांबट होते आणि काही वेळा ती पृथ्वीच्या वाटेत येते.

म्हणून दूरच्या टकरींचा हिशेब पृथ्वीवर येतो. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी पट्ट्यात एक मोठा लघुग्रह फुटला. स्वीडनमधल्या चुनखडीच्या एका खाणीत, फरशीसाठी दगड कापताना, त्या काळातले शंभराहून जास्त उल्कापाषाण सापडले आहेत. आधी कामगार ते डाग म्हणून फेकून देत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, आज पृथ्वीवर पडणाऱ्या उल्कापाषाणांपैकी सुमारे ७० टक्के फक्त तीन तरुण कुटुंबांतून येतात, आणि त्यातलं एक आपलं कारिन.

यात नुसतं कुतूहल नाही, आपला जीवही गुंतलेला आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासानं डार्ट हे यान डिमॉर्फोस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं, म्हणजे लोणारला पडलेल्या दगडाच्याच जातकुळीच्या आकारावर. त्याचा फेरीचा काळ ३३ मिनिटांनी कमी झाला. यानाच्या नुसत्या धक्क्यानं जितका फरक पडला असता त्याच्या तिपटीहून जास्त. कारण डिमॉर्फोसवरून जो मलबा मागे उडाला, त्यानंच त्याला उलटा रेटा दिला. उद्या खरोखर एखादा दगड वळवायची वेळ आली, तर तो अखंड आहे की ढिगारा, यावर सगळं गणित अवलंबून राहील. लघुग्रह वळवण्यासाठी माणसानं केलेली ही पहिली टक्कर नेमकं तेच शिकवून गेली.

आता पुन्हा लोणारला या. तिथला सर्वांत मोठा प्रश्न अजून सुटलेला नाही: हे घडलं कधी? १९९७ मध्ये एका पद्धतीनं वय आलं सुमारे ५२ हजार वर्षं. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीनं आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दहापटीहून जास्त फरक. दोन्ही घड्याळांची आपापली अडचण आहे. पहिलं घड्याळ जुन्या नमुन्यांत भरून जातं आणि वय कमी दाखवू शकतं. दुसऱ्यात मूळ बेसाल्टमधला जुना आर्गॉन अडकून राहिला तर वय जास्त दिसू शकतं. ज्या घटनेची तारीख आपण ५८ लाख वर्षं मागे जाऊन अंतराळात काढली, तशी तारीख आपल्याच विदर्भातल्या घटनेची नक्की होत नाही.

ती नक्की करायला लागणारा पुरावा तळ्याच्या पाण्यात फारसा नाही. तो काठाच्या बाहेर आहे. धडकेत उडालेला मलबा खड्ड्याभोवती चादरीसारखा पसरला. काचेचे थेंब, चुरा, दगड त्यात आहेत. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा देशभर बातमी झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं लक्ष घातलं, पाण्याचे नमुने आमच्या नीरीत आणि पुण्याच्या आघारकर संस्थेत तपासले गेले, क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा रंग निघाला. त्याच वर्षी लोणारला रामसर दर्जा मिळाला. हे सगळं चांगलंच झालं. पण ते सगळं पाण्याभोवती, झाडांभोवती, देवळांभोवती फिरतं. बाहेरचा मलबा दिसायला साधा मुरूम आहे. त्याच्यावर शेत नांगरलं जातं, घराचा पाया खणला जातं, रस्ता होतो. लोणार गावाचा काही भाग त्याच चादरीवर वसलेला आहे. कुणाचाही दोष नाही. लोकांनी राहायचं तरी कुठे? पण स्वीडनच्या खाणीतल्या ‘डागां’सारखंच इथलंही आहे. ज्याला ओळखता येत नाही, ते आधी जातं.

म्हणून पुढच्या वेळी लोणारला गेलात तर पायऱ्या उतरण्याआधी काठावर जरा थांबा. जिथे कडा उघडी पडली आहे तिथे बेसाल्टचे थर वर उचललेले दिसतात, आणि काही ठिकाणी ते वळून बाहेरच्या बाजूला उलटे पडले आहेत. खालचा थर वर, वरचा खाली. धडकेनं जमिनीचं वरचं कवच उघडून बाहेर टाकलं, त्याची ती खूण. लोणासुराच्या कथेतलं उडवलेलं झाकण आठवेल. कथा रचणाऱ्यांना स्फोटाचं गणित माहीत नव्हतं, पण कडा त्यांनी नीट पाहिली असावी. तिथला दगड मात्र खिशात घालू नका. तो कधीचा आहे, ते अजून ठरायचं आहे.